उरलेली दिवाळी

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतच्या दिवसांना दिवाळी म्हणायची पद्धत आहे. कॅलेंडरवाल्यांचं ठीक आहे, त्यांना चौकोन भरायचे असतात. पण ज्याने हे दिवस घरात राहून काढलेत त्याला विचारा. ती दिवाळी नसते, दिवाळीची ड्युटी असते. नरकचतुर्दशीला पहाटे चारला उठायचं, कारण समोरच्या बिल्डिंगमधला पहिला फटाका साडेचारला वाजतो आणि तोवर आपल्या घरातल्या निदान एका माणसाच्या अंगाला उटणं लागलेलं असणं हा इभ्रतीचा प्रश्न असतो. मग उंबऱ्याशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं. ते स्टेशनबाहेर पाटी घेऊन बसणाऱ्या मावशींकडून आदल्या संध्याकाळी आणलेलं असतं आणि रात्रीतून कुणीतरी तोंडली समजून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात टाकलेलं असतं. पहाटे सव्वाचारला तोंडलीच्या ढिगातून नरकासुर शोधणं हे काम घरच्या कर्त्या पुरुषाकडे असतं.

त्यात आम्ही डोंबिवलीकर, म्हणजे फडके रोड आलाच. गणेश मंदिरात दर्शन घ्यायचं आणि मग नवे कपडे घालून रस्त्यावर उभं राहायचं. अर्धी डोंबिवली उरलेल्या अर्ध्या डोंबिवलीला बघायला आलेली असते. इथे सगळे भेटतात असं म्हणतात. मला तरी अजून कुणी पूर्ण भेटलेलं नाही. कुणाचा खांदा भेटतो, कुणाचा झब्बा भेटतो. वीस वर्षांनी दिसलेला वर्गमित्र लांबून हात हलवतो, आपण दुप्पट उत्साहाने हलवतो, आणि मग कळतं की त्याचा हात आपल्या मागे उभ्या असलेल्या कुणासाठी तरी होता. तरीही पुढच्या वर्षी जातो. डोंबिवलीत राहून फडके रोडला गेला नाही असं कुणी म्हटलं तर मुलांची लग्नं जमायला त्रास होतो.

लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांत घरच्या माणसांना मान वर करायला फुरसत नसते, आणि भाऊबीज तर रेल्वेच्या वेळापत्रकात साजरी होते. ज्याच्या तीन बहिणी अनुक्रमे बदलापूर, विरार आणि पनवेलला दिल्या आहेत त्याने त्या दिवशी काय करावं, हे कुठल्याही शास्त्रात सांगितलेलं नाही. माझा एक मित्र हे दरवर्षी करतो. मध्य, पश्चिम आणि हार्बर अशा तिन्ही मार्गांवर त्याला ओवाळलं जातं. प्रत्येक ठिकाणी तो पाटावर बसतो तेव्हा त्याच्या डाव्या हातात मोबाईल असतो आणि त्यावर पुढच्या गाडीची वेळ. बहीण म्हणते, ‘अरे, थांब ना जरा.’ तो म्हणतो, ‘नाही गं, सहा बावीस आहे.’ बहिणीलाही ते पटतं, कारण तिचाही नवरा त्याच वेळी कुठल्या तरी दुसऱ्या मार्गावर असाच टिळा लावून उभा असतो.

तर माझं म्हणणं असं, की दिवाळी सुरू होते ती भाऊबीज संपल्यावर. तिथून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत. आकाशकंदील अजून लटकत असतो, पण त्याचा बल्ब गेला तरी कुणी स्टुलावर चढत नाही. दारातली रांगोळी पुसट झालेली असते आणि तिच्यावरून सरळ चालत जाता येतं. मुलांना सुट्टी असते आणि सुट्टीचा अभ्यास शेवटच्या दोन दिवसांत करायचा असतो. कुणाकडे जायलाच पाहिजे असं नसतं, म्हणून माणूस जातो.

यात मला साक्षात विष्णूचा पाठिंबा आहे. आषाढी एकादशीला तो झोपतो आणि कार्तिकीला उठतो. म्हणून तर एक शयनी आणि दुसरी प्रबोधिनी. आता मधला हिशेब बघा. गोकुळाष्टमीला स्वतःचा वाढदिवस, लोक थरावर थर रचून हंड्या फोडताहेत, हा झोपलेला. गणपतीत मात्र भाद्रपद शुद्ध एकादशीला एकदा कूस बदलतो. त्या एकादशीला परिवर्तिनी म्हणतात, आणि कूस तो मंडपातल्या स्पीकरमुळेच बदलत असावा अशी मला शंका आहे. पुढे नवरात्र होतं, दसरा होतो, झेंडूची फुलं आधी महाग आणि मग फुकट होतात. लक्ष्मीपूजनाला तर घरोघर, दुकानोदुकानी खुद्द याच्या बायकोची पूजा चालू असते, तिच्यासमोर लाह्या-बत्तासे मांडलेले असतात, बाहेर सुतळी बॉम्ब फुटत असतात. नवरा झोपलेलाच. उठतो तो भाऊबीजेनंतर चांगल्या नऊ तिथी उलटल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, तुळशीसमोर अंतरपाटाच्या पलीकडे उभा! ना जळमटं काढली, ना पंखे पुसले, ना भाजणी दळून आणली. उठल्या उठल्या सगळं आवरलेलं घर, डब्यात फराळ आणि वर लग्न. पुरुषजातीने हजारो वर्षं या देवाची एवढी भक्ती का केली, हे मला अलीकडे समजायला लागलं आहे.

*

भाऊबीजेनंतर फराळाचे डबे उघडून बघावेत. चिवड्यातले काजू धनत्रयोदशीलाच गेलेले असतात. ते कोण खातं याचा तपास आमच्या घरी अनेक वर्षं चालू आहे, आणि तपास अधिकारीच खातो असा एका गटाचा आरोप आहे. पाडव्यापर्यंत खोबऱ्याचे काप जातात, भाऊबीजेला शेंगदाणे. आता जे उरलंय ते म्हणजे हळदीच्या रंगाचा चुरा, कढीपत्त्याची वाळकी पानं आणि मिरच्यांचे असे तुकडे, की ज्यांच्याकडे कुणीच डोळा वर करून बघत नाही. बेसनाच्या लाडवांतला शेवटचा लाडू असतो, पण त्याचा बेदाणा कुणीतरी उचकटून नेलेला असतो. शंकरपाळे मात्र असतात. शंकरपाळे कायम असतात. मला कुणी कधी ‘आमचे शंकरपाळे संपले’ असं म्हणाल्याचं आठवत नाही. दिवाळी ऑक्टोबरात येवो की नोव्हेंबरात, ते नाताळ बघून जातात.

अनारशांबद्दल आदराने बोलायला हवं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून, कुटून, चाळून गुळात मळायचे आणि झाकून ठेवून द्यायचे. एवढं सगळं करून, खसखशीवर थापून तुपात सोडला की अनारसा हसतो, म्हणजे जाळी पडायच्या ऐवजी पसरून विरघळतो. सासूबाई शेजारी उभ्या असल्या तर फारच हसतो. आमच्याकडे हसलेल्या अनारशांचा चुरा वेगळ्या डब्यात ठेवतात आणि तो पाहुण्यांना दाखवत नाहीत. उरलेल्या दिवाळीत तोच आधी संपतो. दुधात घालून खाऊन बघा.

डब्यांवरून आठवलं. शेजारी फराळ द्यायचा तो स्टीलच्या डब्यातून, आणि आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही. हे दोन नियम ज्याने केले त्याने पुढचा विचार केलेला नव्हता. तुम्ही चकल्या दिल्या, त्यांनी करंज्या घालून डबा परत केला. आता त्यांचा हिशेब चुकता झाला म्हणावं, तर करंज्यांसोबत त्यांची एक वाटीही आली, ती परत करायला हवी, आणि रिकामी कशी करणार? असं चालू राहतं. आमच्याकडे एक उभट डबा आहे. त्याच्या कडेला बारीक ठिपक्यांनी कोरलंय, ‘मामांकडून, 1987’. हे मामा कुणाचे, लग्न कुणाचं, डबा आमच्याकडे कसा आला, काहीच ठाऊक नाही. आमच्या घराण्यात 1987 साली कुणाचंही लग्न झालेलं नाही, हे आम्ही सगळ्या बाजूंनी विचारून घेतलं आहे. दर दिवाळीत आम्ही तो कुणाला तरी फराळ घालून देतो, मनात आशा असते की खरा मालक ओळखेल आणि ठेवून घेईल. तुळशीच्या लग्नापर्यंत डबा परत येतो. आत शंकरपाळे असतात.

*

‘या एकदा निवांत’ हे वाक्य पाडव्यापासून हवेत असतं. त्याचं तारखेत रूपांतर करणं हे खरं काम. त्यासाठी आमचा एक ग्रुप आहे. ज्याने तो काढला तो आता त्यात नाही. रविवार ठरवला की मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक निघतो. शनिवारी निम्म्या लोकांची ऑफिसं असतात. सोमवारी आत्याचा उपास. एकादशीला तर सगळ्यांचाच, आणि एकादशी दुप्पट खाशी हे खरं असलं तरी पंधरा माणसांची साबुदाण्याची खिचडी न चिकटवता करणारं माणूस आमच्यात नाही. शेवटी कुणीतरी वैतागून ‘उद्या संध्याकाळी या, जमेल त्यांनी’ असं लिहितं आणि सगळ्यांना जमतं. आठ दिवस आधी ठरवलेल्या कुठल्याही भेटीला आमच्याकडे पूर्ण हजेरी लागलेली नाही.

काय करायचं, यावर मात्र एकमत. ‘गोड नको.’ हे सगळे एका सुरात म्हणतात, मधुमेहवाले जरा जास्त जोरात. मग उरतं एकच. मिसळ.

ही बाहेरची मिसळ नव्हे. हिला फरसाण विकत आणायचं नसतं. दोन दिवस आधी मटकी भिजवून फडक्यात बांधायची, मोड चांगले बोटभर येऊ द्यायचे, कांदा-खोबरं काळपट होईस्तोवर भाजून वाटायचं आणि वर तेलाचा तवंग दिसेल असा कट करायचा. एवढं यजमानांचं. पावाच्या लाद्या, लिंबं आणि बारीक चिरलेला कांदा ज्याला जे जमेल त्याने आणायचं. आणि फराळाचं जे काही घरात उरलंय ते प्रत्येकाने आपापल्या डब्यातून घेऊन यायचं: चिवडा, शेव, चकलीचे तुकडे, कडबोळी. वर घालायला. एका परातीत सगळं उलटं करायचं आणि हाताने एकदा खालीवर करायचं.

त्या परातीसमोर पहिली पाच मिनिटं बायका जरा अस्वस्थ असतात. वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा चिवडा पातळ पोह्यांचा, साखर किंचित जास्त. शेजारच्या काकूंचा भाजक्या पोह्यांचा, बडीशेप घातलेला. आत्याचा लसणीचा, ठाण्याहून येताना अख्ख्या लोकलच्या डब्याला त्याची खबर लागलेली. पंधरा दिवस प्रत्येकीने दुसरीचा चिवडा चाखून ‘छान झालाय हं’ असं म्हटलेलं असतं, आणि त्या ‘हं’मध्ये काय काय असतं ते जाणकारांना सांगायला नको. आता सगळ्यांचे चिवडे एकमेकांत गेले. वर गरम कट पडला. पहिला घास घेऊन काकू डोळे मिटून म्हणाल्या, ‘बडीशेप लागतेय, तो आमचा.’ वहिनी म्हणाल्या, ‘नाही हो, तो कटातला मसाला.’ दुसऱ्या घासानंतर कुणाला काही शोधता येईना.

पण यंदा खरी गंमत चकल्यांनी केली.

परातीत टाकण्याआधी चकल्या वेगवेगळ्या ताटल्यांत होत्या, कारण आत्याचं म्हणणं, अख्ख्या आहेत त्या आधी तशाच खाऊ, मोडायच्या त्या मोडू. नानाकाका तिथेच बसले होते. नानाकाका वजनमापे खात्यातून निवृत्त झाले. त्यांना कुठलीही वस्तू हातात आली की ती ते आधी तोलतात आणि मग खातात. त्यांनी चार ताटल्यांतल्या चार चकल्या उचलल्या, शेजारी शेजारी मांडल्या, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘ह्या एका सोऱ्यातल्या आहेत.’

काकू म्हणाल्या, ‘काहीतरीच काय? सगळ्यांकडे सोऱ्या सारखेच असतात.’

‘सोऱ्या सारखे असतील,’ नानाकाका म्हणाले, ‘पण चकतीचा दात सगळ्यांचा एकाच जागी कसा झिजेल?’ आणि त्यांनी बोटाने दाखवलं. चकलीला भोवती काटे असतात ते बघा. चारही ताटल्यांतल्या चकल्यांना एका बाजूने काटाच नव्हता. सबंध वेढाभर गुळगुळीत पट्टी. वेढे तेवढेच, शेवटचं टोक दाबून चिकटवलंय तेही एकाच पद्धतीने, तीळही तेवढेच.

खोलीत जे झालं त्याला शांतता म्हणता येणार नाही, कारण मुलं आत मारामाऱ्या करत होती. पण मोठ्यांपैकी कुणी पावाला हात लावला नाही. मग वहिनींनीच तोंड उघडलं. ‘मी चार नंबरच्या बिल्डिंगमधल्या ताईंकडून घेते,’ त्या म्हणाल्या. ‘ऑफिस सांभाळून कुठे करणार? चिवडा मात्र घरचा आहे.’ त्यावर काकू एकदम मोकळ्या झाल्या. ‘मीसुद्धा! गुडघ्यांनी गॅसपाशी उभं राहवत नाही हो.’ आमच्याही त्याच ताईंच्या होत्या. रात्री साडेनऊला, जिन्यात कुणी नाही बघून, मीच त्या कापडी पिशवीतून आणल्या होत्या. जिन्यात मला काकूंचे यजमान भेटले होते. त्यांच्याही हातात कापडी पिशवी होती. आम्ही हवामानाबद्दल बोललो होतो.

आता सगळ्यांना आठवायला लागलं की पाडव्याला वहिनी काकूंकडे गेल्या होत्या आणि चकलीचा तुकडा मोडून म्हणाल्या होत्या, ‘मोहन जरा कमी पडलंय का?’ आणि दुसऱ्याच दिवशी काकूंनी वहिनींची चकली चाखून भाजणी किंचित जास्त भाजली गेल्याचं मत दिलं होतं. एकच घाणा, एकच कढई. त्या ताईंच्या पाठीमागे त्यांच्या चकलीची एवढी सखोल समीक्षा झालेली होती आणि बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता.

या सगळ्या वेळात आत्या भिंतीला टेकून समाधानाने मिसळ खात होती. तिची चौथी ताटली. ‘आम्ही अजून घरीच करतो बाई,’ ती म्हणाली. नानाकाकांनी तिच्या चकलीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला जे बोलल्याशिवाय राहवत नाही ते बोलले. ‘काटा हिचाही गेलाय.’ मग माझ्या बायकोच्या लक्षात आलं. धनत्रयोदशीला आम्ही ठाण्याला आत्याकडे फराळाचा डबा पाठवला होता. डबा रिकामा परत करायचा नसतो. आत्याने तो केला नव्हता. डबा उभट होता आणि त्यावर ‘मामांकडून, 1987’ असं होतं.

आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. कट तिखट होता हे एक कारण.

*

मुलांचा किल्ला हे उरलेल्या दिवाळीतलं माझं आवडतं ठिकाण. दिवाळीत त्याच्याजवळ जाता येत नाही. हात लावू नका, माती ओली आहे, मावळे पडतील. वसुबारसेला गडावर पेरलेले अळीव पाडव्यापर्यंत कसे टुमदार, पेरभर हिरवळीसारखे असतात. त्रिपुरी पौर्णिमा जवळ आली की ते वीतभर होऊन आडवे पडतात आणि गडाचं रान होतं. बुरुजावरचा तोफखाना दिसेनासा होतो. सिंहासनावर महाराज असतात, पण त्यांना गळ्यापर्यंत अळीव. भाजीवाली आणि तिची टोपली, जी दरवर्षी कुठल्याच ऐतिहासिक पुराव्याशिवाय दरवाजापाशी बसते, ती अजून बसलेली. यंदा खंदकात डायनासोर होता. कुणाचा, म्हणून विचारलं तर पुतण्या म्हणाला, ‘तो मोगलांचा आहे.’ यावर बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

दिवाळी अंकही याच दिवसांत वाचले जातात. दिवाळीत ते फक्त विकत घेतले जातात आणि टीपॉयवर, पाहुण्यांना दिसतील असे, ठेवले जातात. पहिला दिवाळी अंक 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा काढला, ही माहिती नानाकाका आम्हाला दरवर्षी देतात. देताना ते आमच्याकडे असे बघतात, जणू तो अंक आम्ही वाचून परत केलेला नाही. खरं म्हणजे ते वाचनालयाच्या योजनेचे सभासद आहेत, एकेक अंक बदलून आणतात आणि जूनपर्यंत त्यांची दिवाळी चालते. राशिभविष्य मात्र ते सगळ्या अंकांतलं वाचतात, आणि त्यातलं जे सगळ्यात बरं असेल ते आपलं मानतात. मला ही पद्धत शास्त्रीय वाटते.

तुळशीचं लग्न आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये लागतं. कुंडीला गेरू, भोवती उसाची खोपी, खाली आवळे, चिंचा, बोरं. नवरदेव म्हणून कुणाच्या तरी देव्हाऱ्यातला रांगता बाळकृष्ण आणतात. चार बोटं उंचीचा नवरा, पुरुषभर उंचीची नवरी आणि मधे अंतरपाट म्हणून नवी कोरी उपरणी, असं ते दृश्य असतं. मंगलाष्टकांसाठी भटजी मिळत नाहीत, कारण त्या संध्याकाळी डोंबिवलीत जितक्या तुळशी तितकी लग्नं. त्यामुळे ज्याचा आवाज मोठा तो गातो. आमच्याकडे तो मान खजिनदारांकडे आहे. ते प्रत्येक कडव्याला पट्टी एकेक पायरी वर नेतात आणि चौथ्या कडव्यापाशी अशा उंचीवर पोचतात, जिथून माघार घेता येत नाही. लोक ‘सावधान’ म्हणतात ते बहुतेक त्यांनाच. अक्षता कमी पडतात म्हणून मुलांना कुरमुरे वाटलेले असतात, ते निम्मे उडतात, निम्मे पोटात जातात.

लग्न लागलं की उसाचे करवे हातात पडतात, आणि मग एवढा वेळ ज्या कारणासाठी सगळ्या आत्या-मावश्या थांबलेल्या असतात ते सुरू होतं. सोसायटीत एक मुलगा आहे, तिशीच्या आसपास, पगार चांगला, अजून लग्न नाही. तो गुपचूप लिफ्टकडे सरकत होता. काकूंनी ऊस तोंडातून काढून त्याला अडवलं. ‘बघ, देवसुद्धा दरवर्षी करतो. तुला एकदा करायला काय होतं?’

याच सुमारास आमच्याकडे थंडी पडते. म्हणजे पडली असं जाहीर होतं. पुण्या-नाशिकच्या लोकांनी इथे हसू नये. रात्री पंखा तीनवरून दोनवर आला की डोंबिवलीत कपाटातून स्वेटर निघतात, आणि सकाळच्या फलाटावर डांबरगोळ्यांचा वास सुटतो. नानाकाकांची माकडटोपी निघाली. गाडीत आठ माणसं अंगावर असताना ते म्हणतात, ‘यंदा बोचरी आहे.’

*

माकडटोपी दिसली की पुढचं भांडण उभं राहतं. मी मूळचा मंगळवेढ्याकडचा, म्हणजे ज्वारीच्या कोठारातला. बायको रोह्याची. थंडीत सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचं, तर हुरड्याला की पोपटीला, हा आमच्या संसारातला एकमेव तात्त्विक मतभेद आहे. मी म्हणतो, शेताच्या बांधावर आगटी करायची, गोवऱ्यांच्या आरात कोवळी कणसं खुपसायची, गरम गरम चोळून, फुंकून हातावर घ्यायचा. सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. गूळभेंडी असेल तर चटणीचीही गरज नाही. ती म्हणते, तुमचं ते कणीस फुंकत बसायचं आणि डोळ्यांत कोंडा घालून घ्यायचा. आमच्याकडे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, कांदे, ज्यांना चालते त्यांना कोंबडी, वर परत पाला, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. मी म्हणतो, पाल्याचा वास येतो. ती म्हणते, तोच तर खायचा असतो.

मिसळीच्या परातीभोवती हा वाद झाला तेव्हा लगेच दोन पक्ष पडले. घाटावरचे आणि कोकणातले. वहिनी नागपूरच्या, त्या मधे बसून दोन्ही बाजूंना पाव पुरवत होत्या. आत्या म्हणाली, तिला कुठेही चालेल, फक्त खाली बसायला खुर्ची हवी. कुणीतरी लगेच मोबाईलवर शोधलं. हुरडा पार्टीचे फार्म निघाले, माणशी दर, बैलगाडीची चक्कर, झोपाळे, जेवणात पिठलं-भाकरी, आगाऊ बुकिंग. मला राहवलं नाही. ज्याच्या चुलतभावाचं चार एकर शेत आहे त्याने दुसऱ्याच्या झोपाळ्यावर बसायला पैसे का द्यायचे? मी तिथल्या तिथे गावाकडे फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळे गप्प बसून कान देऊन ऐकायला लागले.

‘दादा, यंदा हुरड्याला आम्ही सगळे येतोय. पंधरा-वीस माणसं. कधी येऊ?’

तिकडून वाऱ्याचा आवाज आला, मग दादाचा. ‘आरं, दिवाळीचा फराळ तरी संपू द्या! ज्वारी अजून पोटरीला बी आली न्हाई. हुरडा संक्रांतीच्या आगंमागं.’

‘मग आत्ता काय चाललंय?’

‘आत्ता कोळपणी चाललीया. माणसं मिळंनात.’ थोडं थांबून तो म्हणाला, ‘पंधरा-वीस जण हायसा म्हणतोस न्हवं? मग कोळपायलाच या की समदी.’

कोकणपक्षात हास्याचा कल्लोळ उसळला. बायको म्हणाली, वालाला कोळपणी लागत नाही; तेही पूर्ण खरं नसावं, पण त्या क्षणी तिला कुणी विचारणार नव्हतं. मुलांनी कोळपणी म्हणजे काय ते विचारलं आणि बैल असतात असं कळल्यावर ती एकमुखाने तयार झाली. नानाकाकांनी माकडटोपीचा बंद सोडला, फोनच्या जवळ सरकले आणि म्हणाले, ‘तिथे चहाची काय व्यवस्था असते?’